एमएच-३८ ची पळणारी गाडी

हिंगोली जिल्ह्यात मोटार कशी असावी, याचं एक ठरलेलं चित्र आहे. पांढरी, उंच, मागे सात-आठ माणसं कोंबता येतील अशी. लग्नसराईत वसमतच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर उभं राहावं, म्हणजे बोलेरो आणि स्कॉर्पिओच्या रांगा दिसतात. गाडी म्हणजे घराचा मान, पुढाऱ्याचा रुबाब आणि वेळप्रसंगी दवाखान्याची सोय. चालवणाऱ्याला ती चालवताना काय वाटतं, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नाही.

तो प्रश्न विचारणारी एक पिढी आता जिल्ह्यात उभी राहिली आहे, आणि हा लेख तिच्यासाठी आहे. पंचवीस-तिशीतली ही मुलं कुणी कृषी सेवा केंद्र चालवतं, कुणी शिक्षक आहे, कुणी पुण्याला नोकरी करून परत आलेलं. त्यांना लहान गाडी हवी आहे, पण मिळमिळीत नको. ॲक्सिलेटरवर पाय ठेवला की ओढ जाणवावी, वळणावर गाडी झोकांडू नये, स्टिअरिंग हातात जिवंत वाटावं. त्यांच्या भाषेत ‘पिकअप असलेली, पळणारी गाडी’. घरचे म्हणतात, हे फाजील लाड आहेत. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाचा आठवड्यातला मोठा वेळ गाव ते तालुका, तालुका ते नांदेड या रस्त्यावर जातो, त्याने चालवण्यात आनंद मागितला तर ती साधी, रास्त मागणी आहे. मात्र हा आनंद कंपनीच्या माहितीपत्रकावर ठरत नाही, इथल्या रस्त्यावर ठरतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला जी गाडी शोभते, ती कुरुंद्याच्या किंवा सेनगावच्या माणसाला शोभेलच असं नाही.

कुरुंद्याच्या बाजूचा असाच एक तरुण २०२५ मध्ये गाडीच्या शोधात होता, आणि त्याच्याबरोबर मीही फिरलो. घरी हळद आणि सोयाबीन, तालुक्याला खत-बियाण्यांचं दुकान, दारात वडिलांची जुनी वॅगन-आर. त्याच्या मोबाइलमध्ये साठवलेल्या चित्रफिती पाहिल्या तर तो जर्मनीतल्या कुठल्या ट्रॅकवर राहतो असं वाटावं. गोल्फ जीटीआयचा त्याला सगळा इतिहास पाठ. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली, पुढच्या वर्षी विकायला आली, साध्या कौटुंबिक गाडीत ११० पीएसचं इंजिन घालून फोक्सवॅगनने एक नवी जातच जन्माला घातली, हे तो धडाधडा सांगतो. तीच गोल्फ जीटीआय २०२५ च्या मे महिन्यात भारतात आली, थेट आयात होऊन, ५३ लाखांना. म्हणजे ती चित्रफितीतच राहणार. आपल्या आवाक्यातली कोणती, इथून आमचा शोध सुरू झाला.

त्याच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, वेगळीच काळजी. ओट्यावर बसून त्यांनी एकामागून एक प्रश्न टाकले. “डिक्कीत हळदीचं पोतं बसतंय का? खाली चेंबर लागायलंय का? बंद पडली तर कुठं न्यायची?” आणि शेवटी, “इकायला काढली तर घेणार कोण?” मुलगा वैतागला, पण गाड्यांबद्दल लिहिणाऱ्यांनी आण्णांचे हे प्रश्न आधी वाचावेत असं मला मनापासून वाटतं. पळणाऱ्या लहान गाड्या आपल्या देशात का टिकल्या नाहीत, याचं उत्तर त्यांतच आहे.

कारण अशा गाड्या आल्या नाहीत असं नाही. आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रातच तयार झाल्या. २००१ मध्ये फियाटची पालिओ आली, कुर्ल्याच्या कारखान्यातून, जिथून पूर्वी प्रीमियर पद्मिनी निघायची. तिच्यात १.६ लिटरचं, जवळपास शंभर अश्वशक्तीचं इंजिन मिळत होतं. रस्त्यावर तेव्हा मारुती ८०० चं राज्य होतं, तिची ताकद याच्या निम्मीही नव्हती. सचिन तेंडुलकर जाहिरातीत होता, त्याच्या नावाची एस-१० ही खास आवृत्तीही निघाली. गाडी दणकट, रस्त्याला चिकटून चालणारी. पण पेट्रोल पिते ही तिची ख्याती तिच्या आधी गावात पोचली, आणि सुटे भाग मिळायला वेळ लागे.

२००५ च्या मे महिन्यात स्विफ्ट आली आणि सगळं बदललं. लहान गाडी देखणी असू शकते, चाकं चार कोपऱ्यांना ताणलेली, बसकी, चपळ असू शकते, हे मध्यमवर्गाने पहिल्यांदा पाहिलं. मराठवाड्याच्या मनात मात्र ती खरी बसली २००७ मध्ये डिझेल आल्यावर. मूळ फियाटचं १.३ लिटरचं इंजिन, ७५ पीएस, पण टॉर्क १९० न्यूटन-मीटर. दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो जागा झाला की गाडी जी ओढ घ्यायची, ती चालवलेला माणूस अजून विसरलेला नाही. तेच इंजिन फियाटच्या पुंटोत, टाटाच्या व्हिस्टातही होतं, आणि मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये मारुतीने फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून ती इंजिनं विकत घ्यायचा करार केला. हिंगोलीकर डिझेल स्विफ्टला ‘स्पोर्टी हॅचबॅक’ म्हणाला नसेल, पण आपल्या भागातली पहिली पळणारी लहान गाडी तीच. ॲव्हरेजही देणारी, पळणारीही, आणि तालुक्याचा कोणताही मिस्त्री उघडू शकेल अशी. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल बंद केलं. जिल्ह्यात आजही दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेल्या डिझेल स्विफ्ट जिवापाड जपलेल्या दिसतात.

दुसरीकडे चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सात गिअरची दुहेरी क्लचची पेटी. ताकदीपेक्षा तिची बांधणी लोकांना भावली. दार लावल्यावर येणारा भरीव आवाज, ताशी शंभरलाही शांत चालणारी गाडी. रांजणगावहून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो निघाली, १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, दहा लाखांच्या आत. त्या किमतीत देशात तेवढी ताकद दुसरं कुणी देत नव्हतं. २०१७ मध्ये मारुतीनेही बलेनो आरएस आणून पाहिली, १०२ पीएसची. २०२० पर्यंत पुंटो आणि बलेनो आरएस दोन्ही गेल्या, २०२२ मध्ये पोलोही संपली.

या गाड्या वाईट नव्हत्या. पुण्यापासून दोनशे किलोमीटरच्या पुढे त्यांच्या मागे उभं राहणारं कुणी नव्हतं, हे त्यांच्या जाण्याचं मोठं कारण मला वाटतं. गाडी घेणारा एकदा घेतो, पण दहा वर्षं सांभाळतो. हिंगोलीच्या माणसाला क्लचपेटीच्या एका भागासाठी गाडी टोचन करून छत्रपती संभाजीनगरपर्यंत न्यावी लागत असेल, तर शेजारी दुसरी घेणार नाही. गावात एका गाडीची बदनामी झाली की दहा गिऱ्हाइकं तिथेच तुटतात.

मग गाडी पळणारी म्हणजे नेमकी काय? तरुणांच्या गप्पा शून्य ते शंभर किती सेकंदांत, इथे येऊन थांबतात. आपल्या रस्त्यांवर हा आकडा फारसा कामाचा नाही. कामाचा आहे तो तीस-चाळीस ते ऐंशीचा टप्पा. सांगतो का ते.

अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा महामार्ग आता चौपदरी झाला, तिथे पुढे जाणं सोपं. पण हिंगोलीहून सेनगावमार्गे रिसोडकडे, औंढ्याहून जिंतूरकडे, किंवा वसमतच्या आतल्या गावांत जायचं तर रस्ता दोन पदरीच. ऊसतोडीचा हंगाम लागला की या रस्त्यांवर पूर्णा कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे धड लाल दिवा नाही. वेग वीस-तीस. तुम्ही त्याच्या मागे आणि समोरून वाहन येतंय. तुम्ही ऐंशीने, समोरचा ऐंशीने, म्हणजे दोघे मिळून सेकंदाला चव्वेचाळीस मीटर अंतर खातात. ट्रॅक्टर ओलांडून आपल्या बाजूला यायला सहा सेकंद लागले तर समोर पावणेतीनशे मीटर रस्ता रिकामा हवा. नऊ सेकंद लागले तर चारशे. या तीन सेकंदांसाठी पिकअप लागतो. शर्यतीसाठी नाही, उसाच्या ट्रॉलीमागून सुखरूप बाहेर पडण्यासाठी.

इथे टर्बोचं काम कळतं. साध्या पेट्रोल इंजिनाची ओढ वरच्या फेऱ्यांत असते. आजच्या चौथ्या पिढीच्या स्विफ्टला, म्हणजे मे २०२४ मध्ये आलेल्या तीन सिलिंडरच्या गाडीला, ८२ पीएस आणि ११२ न्यूटन-मीटर आहेत, आणि तो टॉर्क ४,३०० फेऱ्यांना मिळतो. म्हणजे दोन गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनचं १ लिटरचं टर्बो इंजिन १२० पीएसचं, आणि त्याचे १७२ न्यूटन-मीटर दीड हजार फेऱ्यांपासून हाताशी असतात. टाटाने जून २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर आणली, पुण्यातच बनलेली, १.२ लिटर टर्बो, १२० पीएस, १७० न्यूटन-मीटर. कागदावर दोघी सारख्याच. आणि जिल्ह्याची डिझेलची सवय सुटत नसेल तर हॅचबॅकमध्ये डिझेल आता अल्ट्रोझमध्येच उरलं आहे. ९० पीएस, पण टॉर्क २०० न्यूटन-मीटर. रोज शंभर-दीडशे किलोमीटर ज्याचं होतं, त्याने ते डिझेल चालवून पाहिल्याशिवाय टर्बो पेट्रोलचा हट्ट धरू नये.

स्विफ्टच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तिचं वजन नऊशे-साडेनऊशे किलोच्या आसपास, इतर दोघींपेक्षा बरंच कमी. हलकी गाडी वळणावर जशी हाताला वळते, ब्रेकला जशी थांबते, तशी जड गाडी थांबत नाही. औंढा नागनाथच्या डोंगरातल्या वळणांवर स्विफ्ट चालवताना तिची ताकद कमी पडली असं मला वाटलं नाही. तिथे आनंद वेगाचा नसतो, वळणात शिरताना पुढची चाकं कुठे टेकली आहेत हे हाताला कळण्याचा असतो.

नमुना चालवून पाहायचा तर महामार्गावर पाहू नये. शोरूमचा माणूस तिथेच नेतो, कारण चौपदरीवर सगळ्याच गाड्या चांगल्या. आम्ही एन लाइन घेतली आणि आखाडा बाळापूरच्या पुढे डांबरी सोडून गावरस्त्याला घातली. मागे आण्णा, त्यांच्या शेजारी चुलते, पुढे मुलगा आणि विक्रेता, गाडी भरलेली. मी मागून मोटारसायकलवर. पहिला गतिरोधक ग्रामपंचायतीने घातलेला, कोणत्याही मापात न बसणारा, उंच आणि टोकदार. मुलाने गाडी जवळजवळ उभी केली, मग तिरकी घातली. तरी खालून खर्रकन आवाज आला. आण्णांनी काच खाली केली आणि बाहेर डोकं काढून म्हणाले, “घासायली.” एवढंच. विक्रेता सांगू लागला की जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर आहे, स्विफ्टची तर १६३ च. आकडा खरा होता. पण तो रिकाम्या गाडीचा. चार माणसं बसली की स्प्रिंग दबतात, आणि स्पोर्टी गाडीत सस्पेन्शन कडक केलेलं असलं तरी पोट खाली येतंच. परत येताना दोघांना उतरवून तोच गतिरोधक ओलांडला, तेव्हा काही लागलं नाही. नेहमी एकटा किंवा दोघं फिरणाऱ्याची गाडी आणि घरादाराची गाडी यांतला फरक त्या एका उंचवट्याने दाखवला.

खाली वाकून आम्ही पाहिलं. पुढच्या बंपरखालचा काळा प्लॅस्टिकचा ओठ घासला होता, चेंबर वाचलं होतं. मग टायर पाहिले. एन लाइनचा टायर १९५/५५ आर १६. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, आणि रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५, भिंत १२० मिलिमीटर. एक-सव्वा सेंटिमीटरचा हा फरक. पण पावसाळ्यानंतर खडी निघालेल्या रस्त्यावर खड्ड्याची धार बसते तेव्हा रिम आणि दगड यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं. कमी भिंतीचा टायर वळणावर कमी मुरडतो, म्हणून गाडी चपळ वाटते, आणि त्याच कारणाने खड्ड्यात टायर फुगतो, अलॉय वाकतो. ज्याचा रोजचा रस्ता खडीचा, त्याने मोठ्या रिमच्या मोहात पडू नये. बाहेरून सतरा इंची मॅगव्हील बसवून आणणाऱ्या पोरांना तर मी हात जोडून सांगतो, त्यात गाडी पळत नाही, फक्त मोडते.

टायरच्या भिंतीवर एक लहानशी चौकट असते, तीत चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. नवी गाडी घेताना, आणि जुनी घेताना तर नक्कीच, पाचही टायरांवरचे हे आकडे वाचावेत. इथे हे महत्त्वाचं, कारण वाशीमकडून समृद्धी महामार्ग जवळ आला आहे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. मोटारींना तिथे ताशी १२० ची मुभा. सिमेंटचा सरळ रस्ता, मे महिन्याची दुपार, हवा कमी-जास्त असलेला जुना टायर आणि तासभर एकाच वेगाने धावणारी गाडी. टायर तापून फुटतो, आणि १२० ला फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. २०२३ मध्ये आरटीओने घासलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशालाच अडवून परत पाठवल्या होत्या, ते योग्यच होतं.

आता पैशाचं. २०२५ चा काळ विचित्र गेला. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वर उपकर, यावरून थेट १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी यात बसते, म्हणजे आम्ही पाहत होतो त्या तिन्ही. स्विफ्टची सुरुवातीची किंमत ६ लाख ४९ हजारांवरून ५ लाख ७९ हजारांवर आली. टर्बो गाड्या लाखभराने उतरल्या. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही, अशा बातम्या शहरांतून येत होत्या. त्याच सप्टेंबरात मराठवाड्याची शिवारं पाण्याखाली होती. काढणीला आलेल्या सोयाबीनला झाडावरच मोड फुटले, नदीकाठची माती खरवडून गेली. गाडी स्वस्त झाली आणि गाडी घेणाऱ्याचा हंगाम बुडाला, दोन्ही एकाच पंधरवड्यात. शेतकऱ्याच्या पोराने गाडीचं स्वप्न पाहायचं तर बाजाराचा आणि पावसाचा मेळ त्याच्या हातात नसतो, हे त्या वर्षी फार जवळून पाहिलं.

नऊ लाखांची गाडी म्हणजे काय, ते सोयाबीनमध्ये मोजलं. हमीभाव त्या हंगामात ५,३२८ रुपये, त्या हिशेबाने १६९ क्विंटल. हमीभाव मिळाला तर. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी ११ टक्के रस्ता कर, म्हणजे जवळपास एक लाख. विमा वेगळा, त्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा. एक हजार सीसीच्या आत इंजिन असेल तर तेव्हा तो ६,५२१ रुपये होता, वर गेलं की १०,६४०. १ लिटरच्या टर्बोचा एवढा एक फायदा. एक्स-शोरूम आकडा पाहून घरी सांगू नये, ऑन-रोडचा लेखी कागद घ्यावा.

खरी अडचण हप्त्याची. ट्रॅक्टरचं कर्ज सहामाही हप्त्यांनी फेडता येतं, कारण बँकेला ठाऊक असतं की पैसा पिकाबरोबर येतो. मोटारीच्या कर्जाला मात्र दर महिन्याला हप्ता. सात लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं धरली तर महिन्याला साडेचौदा हजार. सात वर्षं धरली तर सव्वाअकरा हजार, पण व्याज पावणेदोन लाखांचं अडीच लाखांच्या घरात जातं. हळद मे-जूनमध्ये लावली की फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, मग उकडणं, वाळवणं, पॉलिश, आणि माल मोंढ्यावर जाईपर्यंत उन्हाळा. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या मागे-पुढे. मधले महिने कोरडे. दुकानाचा किंवा पगाराचा महिन्याचा पैसा नसेल, तर केवळ शेतीच्या भरवशावर असा हप्ता डोक्यावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हळद चढते तेव्हा माणसाला सगळं शक्य वाटतं. २०२३ मध्ये वर्षाच्या सुरुवातीला पाच-सहा हजारांवर रेंगाळणारी हळद पावसाळ्यात दहा हजारांच्या पुढे गेली, तेव्हा गावोगाव बुकिंग झाली. भाव खाली येतो, हप्ता येत नाही.

म्हणून पुष्कळ जण जुन्या गाडीकडे वळतात, आणि पोलो जीटीचं नाव तिथे हमखास निघतं. मी तिच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे काळजीपूर्वक सांगतो. सात गिअरची कोरड्या क्लचची पेटी असेल तर तिच्यातला मेकॅट्रॉनिक भाग खर्चाचा, गर्दीत रांगत चाललेली गाडी असेल तर जास्तच. सर्विसचे सगळे कागद मागावेत. ‘सिंगल हँड, पेटीपॅक’ हे बोलणं झालं, कागद ही वस्तुस्थिती. थंड इंजिन स्वतः सुरू करावं, आधीच गरम करून ठेवलेलं चालणार नाही. पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. आपल्याच उसाचं इथेनॉल त्यात जातं, हे चांगलंच. पण २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी नळ, सील त्यासाठी तयार केलेले नव्हते, तेव्हा ते तपासून घ्यावेत. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, आणि जुने ई-चलान शून्य झाल्याची खात्री. मग एमएच-१२ ची गाडी हिंगोलीत आली तरी रात्रीची झोप उडत नाही.

सायलेन्सरबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाडी आली की पहिल्याच महिन्यात फटफट करणारा मोठा पाइप बसवायची हौस तालुक्यांत वाढली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मनाई आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. कायदा बाजूला ठेवला तरी रात्री अकराला जिल्हा रुग्णालयासमोरून तसा आवाज करत जाणं, यात कसलाही मर्दपणा नाही. ज्याला खरोखर चालवून पाहायचंय, त्याच्यासाठी रॅलीचे रस्ते आहेत. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र भरत आली आहे. तिथे आपल्यासारख्याच मातीच्या रस्त्यांवर हेल्मेट, पिंजरा आणि बंद मार्ग ठेवून मुलं पळवतात. एकदा जाऊन पाहावं, आपल्या गावरस्त्यावरचा वेग किती पोरकट असतो ते कळतं.

सुरक्षेची ताऱ्यांची चाचणीही आण्णांच्या पिढीला समजावून सांगितली पाहिजे. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले. आय-ट्वेंटीला २०२२ मध्ये तीन. आधीच्या स्विफ्टला दोन आणि नंतर एक, नव्या स्विफ्टमध्ये मात्र सहा एअरबॅग प्रत्येक मॉडेलला आहेत. पोलोची गोष्ट तर बोलकी आहे. २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य मिळालं, दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला चार. सांगाडा तोच, फरक दोन पिशव्यांचा. ज्या गाडीला वेग जास्त, तिच्यात हा खर्च आधी करायचा, सनरूफ नंतर.

आम्ही फिरून वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलो, तेव्हा मुलाने वहीत तीन गाड्या लिहून काढल्या होत्या. एन लाइन त्याच्या मनात बसली होती हे उघड होतं. तिची डिक्की ३११ लिटर, अल्ट्रोझची ३४५, स्विफ्टची २६५. पोतं सगळ्यांतच बसतं, पण अल्ट्रोझमध्ये मागची सीट न पाडता, असं त्याने आण्णांना सांगितलं. आण्णांनी विचारलं, दुरुस्ती कुठे? कुठल्या गाडीची सर्विस किती लांब, याची यादीही त्याने केली होती. गतिरोधकाचा आवाज मात्र दोघांच्याही कानांत होता.

मला विचारलं तेव्हा मी माझं मत सांगितलं. रोज एकटा वसमत ते नांदेड जाणाऱ्या नोकरदाराने एन लाइन बिनधास्त घ्यावी. शेतापर्यंत गाडी नेणाऱ्याने, घरातल्या सगळ्यांसाठी एकच गाडी असणाऱ्याने स्विफ्टचं वरचं मॉडेल घ्यावं, उरलेल्या पैशात चांगले टायर घ्यावेत, आणि औंढ्याच्या वळणांवर ती चालवायला शिकावं. लांबचा रोजचा प्रवास असेल तर अल्ट्रोझ डिझेल. ताकदीचा आकडा सगळ्यांत शेवटी पाहावा.

बुकिंग त्याने दिवाळीत केलं नाही. शोरूमवाल्याने पाडव्याच्या मुहूर्ताचा बराच आग्रह केला. आण्णा म्हणाले, “हळद पावसानं किती खाल्ली ते काढल्यावर कळंल. तवर थांब लेका.” तो थांबला. पण त्या आठवड्यात त्याने जुन्या वॅगन-आरचे चारही टायर बदलले. काढलेल्या टायरांवरचे आकडे त्याने मला पाठवले, २०१७ सालचे होते. स्टेपनी त्याहून जुनी निघाली, तीही बदलली.